कॅनलातली हळद

आमच्या गावात सगळ्यात सपाट, चिखल नसलेली, गुरंढोरं सहसा न शिरणारी आणि उन्हात तव्यासारखी तापणारी जागा कोणती म्हणाल, तर कॅनल. सरकारी पाटीवर त्याला कालवा म्हटलेलं होतं, पण आमच्याकडं कधी शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यासुद्धा कॅनलच म्हणायच्या. लांब कुठंतरी धरण, तिथून निघालेला मोठा कालवा, त्याला फाटे, फाट्यांना फाटे, आणि हिमायतनगरच्या अलीकडं आमच्या शिवारात येऊन संपणारा हा सगळ्यात शेवटचा फाटा. तळाला आणि दोन्ही बाजूंना शहाबादी फरशी, मध्ये मध्ये लहान पूल, जागोजागी शेतात पाणी घ्यायला लोखंडी झाकणाची तोंडं. माझ्या जन्माच्या आसपास तो बांधून झाला असावा. मी नववीत गेले तरी त्यात पाणी म्हणून जे पाहिलं होतं ते पावसाचं साचलेलं, बेडकांसकट. एवढा पैसा ओतून सरकारनं गावाला काय दिलं, तर एक लांबलचक अंगण दिलं.

आणि अंगणाचा वापर गावानं असा केला की बांधणाऱ्यांनी पाहिला असता तर डोक्याला हात लावला असता. लग्नाच्या पंगती कॅनलात बसायच्या, कारण रांग आपोआप सरळ येते आणि वाढप्याची धांदल होत नाही. आम्ही पोरी उतरत्या फरशीवरून घसरायचो आणि परकर फाडून घेऊन घरी मार खायचो. पण कॅनलचा खरा मोसम म्हणजे हळदीचा. ज्यांच्या विहिरींना पाणी होतं त्यांच्याकडं हळद असायची. काढलेली हळद मोठ्या कढयांमध्ये शिजवायची, त्या वाफेचा उग्र वास सगळ्या गावात भरून राहायचा, आणि मग ती कडकडीत वाळेपर्यंत उन्हात पसरून ठेवायची. मातीवर टाकली की ती काळपट होते आणि नांदेडच्या मोंढ्यात व्यापारी नाक मुरडतात. फरशीवर टाकली की कशी लखलखीत! म्हणून प्रत्येक घराचा कॅनलातला तुकडा ठरलेला होता. या पुलापासून त्या बाभळीपर्यंत गणपतकाकाचा, बाभळीपासून पुढं सरपंचाचा, अशा चुन्यानं रंगवलेल्या दगडांच्या खुणा होत्या. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की घर, शेत, बैल आणि कॅनलातला तुकडा, सगळं वाटलं जायचं. बाकी मुलखात पाण्याच्या पाळीवरून भांडणं होतात. आमच्याकडं कालव्याच्या कोरड्या तळावरून डोकी फुटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

आता या वयात हे सगळं आठवून हसू यावं, पण येत नाही, संतापच येतो. परवाच पेपरात बातमी होती, कालव्यांच्या दुरुस्तीला निधी मंजूर. एवढे कोटी आणि तेवढे कोटी. शेजारी हार घातलेल्या माणसांचा फोटो. मी ती बातमी मोठ्यानं वाचली आणि वाचता वाचता माझा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातून सून धावत आली. तिला वाटलं मला काही झालं. मला काही झालेलं नाही, बाई, म्हटलं, मी हे लहानपणापासून ऐकत आलेय, आणि निधीला कधीच काही कमी पडलेलं नाही. तिनं मला पाणी आणून दिलं.

आमचं शेत या कॅनलच्या अगदी शेपटाला. माझे वडील, आबा, उदगीरच्या रेल्वे स्टेशनात पॉइंट्समन होते. गाड्यांचे सांधे बदलायचे, हिरवा-लाल कंदील दाखवायचा, आणि सणासुदीला रजा मिळाली की एसटीनं दोन ठिकाणी बदलून धुळीनं माखून घरी यायचं. शेत सगळं मायच्या अंगावर. माझी माय अंगानं बारीक आणि तोंडानं फटकळ. तिनं एखाद्याला बोलायला सुरुवात केली की माणूस बोलणं संपेपर्यंत उभाच राहायचा, जायची सोय नसायची. पहाटे तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं मला जाग यायची. ज्वारीची भाकरी, येसर मसाल्याची आमटी, कारळाची चटणी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गव्हाची पोळी फक्त सणाला, तीही रेशनच्या गव्हाची, जिला मायच्या मते पोत्याचा वास यायचा. "एकदा घरच्या गव्हाची पोळी खाऊन मरन मी," असं ती म्हणायची, आणि शेजारच्या कडूकाकू म्हणायच्या, "मग लई वर्सं जगचील बाई तू."

आबांना शेत नकोच होतं. विहीर नाही, पावसावर एक पीक, आणि बायकोचा जीव नुसता झिजतोय. उदगीरला स्टेशनामागं त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. नळ होता, वीज होती, मुलींची शाळा होती. खरं सांगायचं तर मला उदगीर हवं होतं. नळाची तोटी फिरवली की पाणी येतं, ही कल्पनाच मला लग्नाच्या जेवणाइतकी गोड वाटायची. पण माय हलायला तयार नव्हती. तिच्या सासऱ्यांनी ती जमीन तिच्या भरवशावर सोडली होती, असं तिचं म्हणणं, आणि ती जमीन म्हणजे तिला स्वतःच्या हातापायासारखी होती. मी नववीत होते त्या दिवाळीला दोघांचं कडाक्याचं वाजलं. शेवटी आबा म्हणाले, "बघ, एकच बोलतो. कॅनल बांधून इतके साल झाले. यंदा पाणी आलं तर जमीन ठेवू. न्हाई आलं तर शिमग्याला मी येतो, गिऱ्हाईक तयार हाय, इकून टाकू अन् समदे उदगीरला जाऊ." माय म्हणाली, "हाव. शब्द द्या." आबांनी शब्द दिला. त्यांना खात्री होती की पाणी येणार नाही. तशी सगळ्या गावालाच होती.

मायनं हा डाव घेतला त्याला कारण होतं. त्याच सुमाराला एक जीप भोंगा लावून गावातून फिरली होती. कालव्याची दुरुस्ती मंजूर, यंदा रब्बीला शेवटच्या टोकापर्यंत पाणी, शेतकऱ्यांनी मागणीचे अर्ज भरावेत. आणि खरोखर ठेकेदाराची माणसं आली. त्यांनी गवत काढलं, निघालेल्या फरशा बसवल्या, फटी सिमेंटनं बुजवल्या. गाव खूश! का खूश? तर हळदीला आता आणखी चांगली जागा झाली. "औंदा खडा लागायचा न्हाई हळदीला," असं गणपतकाका, म्हणजे माझे सख्खे चुलते, फरशीवरून हात फिरवत म्हणाले, ते मी स्वतः ऐकलंय. अर्ज मात्र कुणी भरला नाही. अर्ज भरला की पाणीपट्टी मागं लागते, पाणी येवो न येवो, अशी सगळ्यांची समजूत, आणि ती समजूत अगदीच खोटी होती असं मला आजही म्हणता येणार नाही. मायनं एकटीनं अर्ज भरला, आणि सगळ्या गावानं तिला वेड्यात काढलं. तिनं त्या शेपटाच्या रानात गहू पेरला. पेरताना जमिनीत परतीच्या पावसाची ओल होती, त्यावर तो उगवला, वाढला, पुढं थंडीत एकदा बरा पाऊस पडला त्यावर निसवलाही, लोंब्या बाहेर आल्या. हिरवागार. लोक रस्त्यावरून जाताना थांबून पाहायचे आणि मान हलवून पुढं जायचे. आता दाणा भरायच्या वेळी त्याला एक पाणी हवं होतं. फक्त एक.

त्या एका पाण्यासाठी माय रोज कॅनलच्या दारापाशी जायची. वरच्या बाजूला, फाटा जिथून सुरू होतो तिथं, लोखंडी चाकाचं दार होतं आणि शेजारी चौकीदार इस्माईलभाईंची खोली. इस्माईलभाई भला माणूस. पण इतक्या वर्षांत त्यांना काम असं नव्हतंच. दाराच्या चाकावर ते लुंगी वाळत घालायचे आणि चौकीत कोंबड्या पाळायचे. माय गेली की बाज पुढं करायचे. "आयेंगा भाभी, आयेंगा. उप्पर से हुकूम आने दो." माय विचारायची, कधी येईल? ते वर बोट दाखवायचे. वर म्हणजे साहेब का अल्ला, ते कधी कळलं नाही. एकदा त्यांनी अंडी देऊन तिला परत पाठवलं. ती घरी येऊन म्हणाली, "पाणी मागायला गेले तर अंडी दिली, आता अंड्यानं गहू भिजवू का?" आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मी शाळेतून येताना बघायची, ती त्या लांब कॅनलच्या कडेनं चालत येत असायची आणि खाली लोक आपापल्या तुकड्यात हळद पसरत असायचे. तिला हाका मारायचे. "काय वहिनी, आलं का पाणी?" माय मान वर न करता म्हणायची, "येऊ लालंय. तुमच्या हळदीवरूनच येतंय." ते हसायचे. कुणाला खरं वाटणार? खरं वाटण्यासारखं काही नव्हतंच तिच्या बोलण्यात.

आणि एक दिवस सकाळी पाणी आलं. मी वेणी घालत होते. गावाच्या वरच्या अंगाकडून आरडाओरडा ऐकू आला. आग लागल्यावर करतात तसा. "पाणी आलं! पाणी आलं हो कॅनलला!" एखाद्या शहाण्या गावात अशी हाळी आली असती तर लोकांनी गुलाल उधळला असता. आमच्याकडं बायका टोपली, पोती, घोंगड्या, हाताला लागेल ते घेऊन कॅनलकडं धावल्या. गणपतकाका तर धोतराच्या सोग्यात हळद भरून कॅनलच्या उतारावरून चढायला बघत होते आणि पुन्हा पुन्हा घसरून खाली जात होते. हळद गोळा करायची तर किती करणार! सगळ्या कॅनलभर पसरलेली. आणि पाणी काही थांबत नव्हतं. पुढं वाळका पाला, विड्यांची थोटकं, कुणाची तरी फाटकी चप्पल, आणि त्यामागं हळदीच्या कांड्या लोळत लोळत. पाणी पिवळं झालं होतं. बायका शिव्या देत होत्या. नशिबाला नव्हे, बरं का. पाण्यालाच.

माय त्या गर्दीत थांबली नाही. तिनं खोरं खांद्यावर टाकलं, माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही दोघी पाण्याच्या पुढं धावत सुटलो, शेपटाकडं, आमच्या रानाकडं. तोंडाचं लोखंडी झाकण गंजून घट्ट झालं होतं. तिनं दगडानं हाणून हाणून ते वर केलं. शेतातली पाण्याची चारी तिनं कधीच साफ करून ठेवली होती. मग आम्ही कडेवर बसून वाट पाहिली. पाणी दिसलं तेव्हा ते फार हळू येत होतं. कोरड्या फरशीच्या फटी आधी आपलं पोट भरून घेत होत्या. माय त्याच्याशी बोलत होती. "ये माय, ये. हिकडं ये. लांबून आलीस. थोडंच राह्यलं." माझ्या मायच्या तोंडून इतके मऊ शब्द मी तोवर ऐकले नव्हते, मला कधी म्हटले नव्हते तिनं. मला उदगीरचा नळ त्या क्षणी आठवलासुद्धा नाही. मीसुद्धा म्हणायला लागले, ये, ये. आणि पाणी आमच्या अलीकडच्या पुलापर्यंत आलं. पुलाच्या कमानीतून बाहेर डोकावलं. मग थांबलं. आधी आम्हाला वाटलं पाल्यानं अडलं असेल. मायनं उतरून पाला काढला. पाणी पुढं सरकलं नाही. उलट हळूहळू कमी व्हायला लागलं, फरशीवर ओला काठ सोडून. माय पाण्यातच उभी राहून दाराच्या दिशेला बघत होती. मग तिच्या ध्यानात आलं. "दार बंद केलं," ती म्हणाली. "कुणीतरी दार बंद केलं गं, कुशे."

आम्ही चालत चालत, खरं तर पळतच, दारापर्यंत गेलो. तिथं सगळं गाव जमलं होतं. सरपंच, गणपतकाका, हळद असलेली सगळी घरं. मध्ये एक जीप. जीपपाशी पाटबंधारे खात्याचे साहेब आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस. इस्माईलभाई चाक फिरवून घाम पुसत होते. तेव्हा कळलं ते असं. पाणी शेतीसाठी सोडलंच नव्हतं. दुरुस्ती झाली, ठेकेदाराचं बिल निघायचं, तर नव्या कामातून पाणी वाहताना फोटो हवा होता. फोटो काढून झाला होता. एवढ्यात गाव येऊन आडवं पडलं, पाणी बंद करा म्हणून. साहेबांना काय, त्यांचं काम झालेलंच होतं! आयुष्यात त्या खात्यानं आमच्या गावाची एकच मागणी ताबडतोब, त्याच जागी, कुठलाही हेलपाटा न घालता मान्य केली, ती ही.

माय घुसली मधोमध. "दार उघडा," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?" "मी पाण्याचा अर्ज केलेली बाई. एकटी. खोला ते." साहेबांनी सरपंचाकडं पाहिलं. गणपतकाका पुढं झाले. "वहिनी, जरा इचार करा. तुमच्या एका तुकड्याच्या गव्हासाठी समद्या गावाची हळद बुडवता का?" माय म्हणाली, "कॅनल हळदीसाठी बांधला का पाण्यासाठी?" "पाण्यासाठी. पण पाणी येत न्हाई म्हणूनच तर हळद टाकतो ना आम्ही!" "आज आलंय की!" "पण हळद हाय ना त्यात!" आणि साहेब मध्येच म्हणतात कसे, "तेच तर आमचं म्हणणं आहे. लोक कालव्यात हळद टाकतात म्हणून आम्ही पाणी सोडत नाही." मी तिथं उभी होते, चौदा-पंधरा वर्षांची. मला वाटलं आता कुणीतरी हसेल. कुणाच्याही तोंडावर हसू नव्हतं. सगळे अगदी मनापासून बोलत होते. एकजण हळदीमुळं पाणी नाही म्हणतो, दुसरा पाणी नाही म्हणून हळद म्हणतो, आणि दोघांना एकमेकांचं पटतं! काय करायचं अशा माणसांचं? मला आजही सुचलेलं नाही.

माय नमली थोडी. इतक्या लोकांत ती नमलेली मी पहिल्यांदाच पाहिली. म्हणाली, "बरं, गोळा करा तुमची हळद. मी येते गोळा करायला. माझी पोरगी येते. परवा सोडा पाणी. माझा गहू परवापर्यंत दम धरतो." सरपंच म्हणाले, "बाई, भिजलेली हळद पुन्हा वाळवायची तर कॅनलच लागणार ना. आता तर महिनाभर लागंल." साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, पुढच्या पाळीला बघू. पुढची पाळी कधी, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आणि मग म्हणाले, पाण्याची गरज नाही असं तुम्ही सगळ्यांनी लिहून द्या, म्हणजे उद्या माझ्यावर काही यायला नको. लगेच लिहून झालं. लाभक्षेत्रात पाण्याला मागणी नाही. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. पिवळे अंगठे. मायच्या पुढं कागद आला तेव्हा ती म्हणाली, "मागणी न्हाई? मी काय मेले का?" आणि कागद ढकलून ती निघाली. मी मागं वळून पाहिलं तर गणपतकाका सही करत होते, आणि त्यांची मान खाली होती. एवढं खरं.

परत आल्यावर पुलाखाली डबक्यात जे पाणी उरलं होतं ते आम्ही दोघींनी घागरींनी उपसलं आणि गव्हाच्या पहिल्या सरींना घातलं. संध्याकाळपर्यंत घालत होतो. पाठी मोडून आल्या. इकडं डबकं संपलं आणि तिकडं सगळं रान कोरडंच. पुढं ऊन वाढत गेलं आणि गहू उभ्या उभ्या पांढरा पडला. लोंबी हातात चोळली की दाणा निघायचा तो जिऱ्याएवढा, चिमलेला. माय रोज एक लोंबी चोळून बघायची आणि फुंकर मारून टाकून द्यायची. कॅनलात हळद पुन्हा पसरली गेली होती, आणि उतारावर बायकांचं हसणंबोलणं पुन्हा सुरू झालं होतं. आमच्या घरी मात्र भाकरी थापायचा आवाजसुद्धा बदलला होता. माय परातीवर पीठ आपटत होती.

शिमग्याला आबा आले. त्यांनी आधी रान पाहिलं, मग घरी येऊन पाय धुतले आणि चहा घेतला. माय म्हणाली, "पाणी आलं होतं." आबांना वाटलं ती हट्टानं बोलतेय. "आलं होतं तर रान कामून वाळलं?" मायनं सगळं सांगितलं. जीप, फोटो, हळद, दार, सह्या. आबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "असं कुठं असतंय का? आलेलं पाणी कुनी वापस धाडतं का?" आणि ते उठून पारावर गेले, विचारायला. मीसुद्धा मागून गेले. पारावर सगळेच होते, दारापाशी होते तेच. आबांनी विचारलं, पाणी आलं होतं का रे? आणि एकेकानं कानांवर हात ठेवले. "पाणी? कॅनलला? ह्या जन्मी?" "भाऊ, तुम्ही उदगीरला राहून गाव इसरले जनू." सरपंच म्हणाले, वहिनींना उन्हाचा त्रास होतोय का बघा, दवाखान्यात दाखवा. आबांनी मग गणपतकाकांकडं पाहिलं. पाठचा भाऊ. काका तंबाखू मळत होते. मळतच राहिले. म्हणाले, "मला काय ठाव न्हाई, भाऊ. म्या हळदीत होतो." माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ओरडले, "काका, तुम्ही सही केली!" तसं कुणीतरी म्हणालं, मोठ्या माणसांत पोरींनी बोलू नये.

आबांनी मला तिथून बाजूला नेलं. म्हणाले, "कुशे, माझ्याकडं बघून सांग." मी सांगितलं. आणि हात धरून त्यांना कॅनलवर नेलं. पुलापासून वर, जिथं जिथं पाणी उभं राहिलं होतं तिथं दोन्ही बाजूंच्या फरशीवर हळदीची पिवळी रेघ ओढली गेली होती, सरळ, सगळ्या लांबीभर, कुणी दोरी धरून मारावी तशी. कितीही ऊन लागलं तरी ती इतक्यात जाणार नव्हती. आबा ती रेघ बघत खूप चालले. एका जागी खाली बसून त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. आमच्या खालीच बायका हळद पालथी करत होत्या, आणि आबांना बघून त्यांनी डोक्यावरचे पदर पुढं ओढले.

मला वाटलं, झालं. माय खरी ठरली. आबांनी शब्द दिला होता, पाणी आलं तर जमीन ठेवू म्हणून, आणि पाणी आलं होतं. उदगीर गेलं तर गेलं, पण माय जिंकली. मी घरापर्यंत जवळजवळ उड्या मारत आले. माय चुलीपाशी बसली होती. मी दारातूनच म्हणाले, "माय, आबांनी रेघ पाहिली. आबांना पटलं." तिनं आबांकडं पाहिलं. इतक्या दिवसांत तिचं तोंड तसं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं. आबा उंबऱ्यावर बसले.

मग म्हणाले, "तू खरी हायस. पाणी आलं होतं. त्ये आलंच नसतं ना, तर म्या म्हनलो असतो, येईल पुढल्या साली, अजून एक साल थांबू. पण आलेलं पाणी ज्यांनी वापस धाडलं अन् वरून तुला खोटी पाडली, त्यांच्यात राहून पुढल्या साली काय यायचं हाय? उद्या गिऱ्हाइकाला बोलावतो."

माय तव्यावरची भाकरी उलटायची विसरली होती. भाकरी करपायला लागली तरी ती आबांकडं बघतच राहिली.

"मग तुम्हीबी मला खोटीच म्हनायचं होतं," ती म्हणाली. "एक साल तरी भेटलं असतं."